चीजसाहेबांचे कागद

आमच्या ऑफिसात चीजसाहेब येणार होते तेव्हा सगळ्यांना सांगण्यात आलं की लंडनहून एक मोठे तज्ज्ञ येताहेत. ते लंडनचे नव्हते. इंग्लंडच्या उत्तरेला डोंगराळ भागात त्यांचं गाव आहे, आणि सांगलीच्या माणसाला कुणी मुंबईकर म्हटलं की त्याचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा लंडनचं नाव काढल्यावर व्हायचा. पण दुबईत प्रत्येकाला एकेक मोठं शहर वाटून दिलेलं असतं. मी ठाण्याची, तरी इथे सोळा वर्षं ‘बॉम्बेवाली मॅडम’च आहे. त्या हिशोबाने ते लंडनचे झाले.

आमची कंपनी म्हणजे अल क्वोजमधलं एक गोडाऊन, बाहेरून तापलेला पत्रा आणि आतून बर्फ. परदेशातून खाण्याच्या वस्तू आणायच्या, कोल्ड रूममध्ये ठेवायच्या, मग हॉटेलांना आणि सुपरमार्केटना पोचवायच्या. मी डॉक्युमेंटेशन बघते. माल बोटीत चढल्यापासून आमच्या शटरच्या आत येईपर्यंत त्याच्यासोबत जेवढे कागद चालतात तेवढे माझ्या टेबलावरून जातात. प्रत्यक्ष माल मी फारसा बघतही नाही. लोणी असो, मासे असोत, माझ्या लेखी सगळी पानं आणि शिक्के.

तर हे चीजसाहेब. हे नाव त्यांना आमच्या फोर्कलिफ्टवाल्या भाऊंनी ठेवलं. भाऊ देवगडकडचे, पन्नाशीचे, बायको-मुलं गावाला आणि स्वतः इथे सहा जणांच्या खोलीत. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना कानटोपी घालून फिरणारा अल क्वोजमधला बहुधा एकमेव माणूस, कारण त्यांचा अर्धा दिवस उणे तापमानात जायचा. त्यांनी पहिल्याच दिवशी साहेबांना नीट न्याहाळलं. साहेब अठ्ठावन्न वर्षांचे, उंच, लालबुंद, जुलै महिन्यात टाय लावून आलेले.

“ताई, साहेब इकडे कशाला आले हो?” भाऊंनी मला विचारलं.

“नोकरीला.”

“म्हणजे आपल्यासारखेच. पोटासाठी.”

“तसंच म्हणायचं.”

भाऊंना हे फार आवडलं. दिवसभरात त्यांनी ते आणखी तिघांना सांगितलं.

गोष्ट खरीच होती. चीजसाहेबांच्या घरात तीन पिढ्या चीज बनत होतं. वडिलांच्या मागे ते आणि त्यांची धाकटी बहीण मिळून डेअरी चालवत. त्यांचं चीज बेल्जियम, फ्रान्स, जर्मनीमधल्या लहान लहान दुकानांत जायचं. सोमवारी संध्याकाळी गाडीत चढवलं की बुधवारी तिथल्या दुकानदाराच्या हातात. सोबत एक बिल, बास. मग ब्रेक्झिट झालं, ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं, आणि त्या बिलाला पिल्लं झाली. प्रत्येक खेपेला सरकारमान्य पशुवैद्याची सही आली. एका ट्रकमध्ये पाच-सहा जणांचा माल असायचा, त्यातल्या एकाचाही कागद चुकला की अख्खा ट्रक उभा राहायचा. एकदा तर त्यांचं चीज समुद्रापलीकडच्या बंदरात पाच दिवस पडून राहिलं, तेही शेजारच्या सॉसेजवाल्याने रकाना चुकीचा भरला म्हणून. बेल्जियमचा दुकानदार भला माणूस होता. त्याने त्यांना समजावून सांगितलं की तुमचं चीज उत्तम आहे, पण ते वेळेवर यावं लागतं. पुढच्या महिन्यापासून त्याने डच चीज ठेवायला सुरुवात केली.

डेअरीत दोन घरं चालतील एवढं काम उरलं नाही. साहेबांची मुलगी आधी हिवाळाभर फ्रान्सच्या डोंगरातल्या हॉटेलांत काम करायची. तिलाही आता तिथे व्हिसा लागायला लागला, म्हणून ती इथे दुबईत शाळेत शिकवायला आली होती. तिनेच आमच्या कंपनीची जाहिरात बापाला पाठवली. आमच्या मालकांना ब्रिटिश चीज विकायला एक ब्रिटिश माणूस हवा होता. डेअरी बहिणीवर सोपवून साहेब आले.

आल्या आल्या त्यांच्या व्हिसाचे कागद माझ्याकडेच आले, कारण कागद म्हटले की सगळ्यांना मी आठवते. मेडिकल, बोटांचे ठसे, फोटो. फोटो दोनदा नापास झाला, कारण मागची पांढरी भिंत आणि साहेबांचे केस यांत फरक कळेना. ही माझी थट्टा, कारण खरं म्हणजे चष्मा चमकत होता. मग मी त्यांना डिग्री अटेस्ट करून आणायला सांगितली.

“पण माझी डिग्री ब्रिटनचीच आहे,” ते म्हणाले.

“हो. म्हणून आधी ब्रिटनमध्ये शिक्का, मग तिथल्या यूएई एम्बसीत शिक्का, मग इथे शिक्का.”

“ती खरी आहे, हे त्यांना दिसत नाही का?”

“मलाही माझ्या वेळी असंच वाटलं होतं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. आपल्याला आणि ठाण्याच्या एका बाईला एकाच खिडकीपाशी उभं राहावं लागतं, ही माहिती त्यांच्या डोक्यात सावकाश शिरत होती. माणूस मात्र सरळ. तक्रार न करता त्यांनी डिग्री मागवली, फाइल केली आणि प्रत्येक शिक्क्याच्या वेळी मला ‘थँक यू’ म्हटलं.

त्या नोव्हेंबरात मी तीन आठवडे ठाण्याला गेले होते. माझ्या मागे साहेबांनी उत्साहाने स्वतःच्या डेअरीच्या चीजचं एक अख्खं पॅलेट, म्हणजे लाकडी फळीवर रचलेला माणसाएवढा ढीग, मागवलं. मालकांना त्यांनी स्वतः पटवलं होतं. मी परतले तेव्हा माल बोटीवर होता आणि माझ्या टेबलावर त्याचे कागद. मी ते वाचायला घेतले आणि दुसऱ्या पानावर थांबले.

चीज करताना दूध घट्ट व्हायला त्यात रेनेट नावाचा पदार्थ घालतात. जुन्या पद्धतीत ते वासराच्या पोटातून काढलेलं असतं. इथे चीज आणायचं तर ते रेनेट कशापासूनचं आहे हे लिहून द्यावं लागतं आणि प्राण्याचं असेल तर ते हलाल असल्याचा दाखला लागतो. साहेबांच्या कागदांत त्याबद्दल एक ओळही नव्हती.

मी त्यांच्या टेबलापाशी गेले. माझ्यापासून चार पावलांवर ते बसत.

“तुमच्याकडे रेनेट कुठलं वापरतात?”

“पारंपरिक,” ते अभिमानाने म्हणाले.

“ते कळलं. त्याचा दाखला बहिणीकडून मागवा.”

त्यावर ते पेन शोधायला लागले. पेन त्यांच्या हातातच होतं. मग म्हणाले, “तुम्ही लिहाल का तिला? ऑफिशियल दिसेल.”

मी लिहिलं, साहेबांना सीसीमध्ये ठेवून. तासाभरात बहिणीचं उत्तर आलं, मला उद्देशून, अत्यंत सभ्य: ‘डेअरीत गेली सत्तर वर्षं वासराचंच रेनेट वापरलं जातं आणि हलालचा दाखला कुणी कधी मागितलेला नाही. आपल्या सहकाऱ्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असावं. त्यांना कळवावे ही विनंती.’

माझे सहकारी चार पावलांवर बसून तीच मेल वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “तिला कळवा की मला माहीत आहे.”

मी कळवलं. असं दहा दिवस चाललं. सख्खी बहीण-भावंडं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होती. बहीण विचारायची, ‘आपल्या सहकाऱ्यांनी ऑर्डर घेण्यापूर्वी नियम वाचले होते काय?’ साहेब सांगायचे, ‘तिला लिहा, वाचले होते पण हा राहिला.’ माझ्या घरी दीर-नणंदांच्या भांडणात मी कधी पडले नव्हते. इथे पगार घेऊन पडले.

दाखला मिळणं शक्यच नव्हतं. पॅलेट जबेल अली बंदराच्या कोल्ड स्टोअरमधून बाहेर आलं नाही. ते परत पाठवायचं ठरलं, त्या दिवशी सह्या करायला आम्ही दोघं कंपनीच्या गाडीतून तिथे गेलो. साहेब मालाला हात लावून आले. परतीच्या वाटेवर मी एका कॅफेटेरियासमोर गाडी थांबवून हॉर्न दिला. पोऱ्या गाडीशी येऊन दोन करक चहा, इथला तो दाट दुधाचा कडक चहा, देऊन गेला. दुपारचे चार वाजले होते आणि समोरच्या रस्त्यावर ट्रकची रांग लागली होती.

“मी बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं होतं,” साहेब अचानक म्हणाले.

“मला वाटलंच होतं.”

“कसं?”

“तुम्ही इतक्या महिन्यांत ब्रेक्झिटला एकदाही शिव्या घातल्या नाहीत. आपल्याकडे येणारे बाकीचे ब्रिटिश बसायच्या आधी घालतात.”

ते थोडंसं हसले. मग कप दोन्ही हातांत धरून सांगू लागले. त्यांच्या शेडमधल्या लाकडी फळ्यांवरून, तापमानाच्या नोंदींवरून, लेबलवरून वर्षानुवर्षं कुठले ना कुठले नियम येत होते. बहीण ते भरायची आणि ते वैतागायचे. बाहेर पडलो की हे सगळं जाईल असं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते मनापासून मानलं.

“कागद कमी होतील म्हणून मी मत दिलं,” ते म्हणाले.

माझ्या तोंडात चहा होता. तो आधी गिळला. सोळा वर्षांत माझ्या टेबलापर्यंत नाना वाटांनी लोक आले, पण कागदांपासून पळत पळत थेट डॉक्युमेंटेशनच्या शेजारी येऊन बसलेले हे पहिलेच. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघून हसवतही नव्हतं.

“आणि बहिणीने?”

“तिने उलट. घरात सगळ्यांना माहीत होतं. निकालाच्या दिवशी ती काही बोलली नाही. पहिला ट्रक अडकला तेव्हाही नाही. मी वाट बघत होतो, की आता म्हणेल, बघ. तिने फक्त फॉर्म पुढे केला आणि कुठे सही करायची ते दाखवलं.” मग ते म्हणाले, “आमच्याकडे पोलंडचं एक जोडपं होतं, अकरा वर्षं. चीज उलटंपालटं करायचं काम त्यातल्या बायकोसारखं कुणाला जमायचं नाही. कामं कमी झाली तेव्हा ती दोघं गावी गेली. जाताना बहीण तिला मिठी मारून रडली. त्यानंतर आम्ही दोघं जेवढ्यास तेवढंच बोलतो. म्हणजे तेवढंही नाही.”

मी चहाचे पैसे द्यायला काच खाली केली. मागचा गाडीवाला आमची जागा मिळावी म्हणून ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला चला, करत होता.

पॅलेट परत गेल्यावर ऑफिसात सगळ्यांनी साहेबांना एकच सल्ला दिला, रेनेट बदला. हल्ली वनस्पतीपासूनचं, प्रयोगशाळेतलं, हवं तसं मिळतं. मोठे कारखाने तेच वापरतात. साहेब ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. “वडिलांनी कधी बदललं नाही,” एवढंच बोलायचे. मग ते दुसऱ्यांचं ब्रिटिश चीज विकू लागले. विकलं चांगलं, पण आपल्या मुलाला घरी ठेवून शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न जमवणाऱ्या माणसासारखे दिसायचे.

जानेवारीत माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. थंडीत दुबई त्यांना आवडते. “पुण्यापेक्षा बरी हवा आणि रस्ते झाडलेले,” असं त्यांचं मत आहे. नवरा फुजैराला पोर्टवर असतो आणि शनिवार-रविवार घरी येतो. तर एका शनिवारी आम्ही साहेबांना जेवायला बोलावलं. मी स्वयंपाकघरात पुरणपोळ्या भाजत होते. साहेब आले, माझ्या मुलीने दार उघडलं, आणि मी पोळी टाकून बाहेर येऊ शकले नाही. मिनिटभराची तर गोष्ट, असं मला वाटलं.

पोळी उतरवून बाहेर आले तर साहेबांनी टेबलावर कागदात गुंडाळलेला चीजचा मोठा तुकडा उघडला होता. नाताळात घरी गेले होते तेव्हा बॅगेतून आणलेला, त्यांच्याच डेअरीचा. आणि सासूबाई दुसरी फोड तोंडात टाकत होत्या.

जन्मात ज्यांनी अंडं खाल्लेलं नाही अशा आमच्या आई.

“छान आहे गं,” त्या म्हणाल्या. “जरा खारट, पण गोडसर चव मागाहून येते. केवढ्याला पडतं हे?”

साहेबांनी मुलीमार्फत भाव सांगितला. आईंनी दिरहमचे रुपये केले आणि फोड जरा आदराने चावू लागल्या. “विचार त्यांना, दूध कशाने विरजतात?”

मी खूण करायच्या आत मुलीने इंग्रजीत विचारलं. साहेबांना कुणी चीजबद्दल विचारलं की त्यांना थांबवणं कठीण. त्यांनी प्रेमाने, सविस्तर, वासरासकट सांगितलं. मुलीने आजीकडे वळून आपल्या मराठीत सांगून टाकलं, “आजी, ते काऊच्या बेबीच्या पोटातून काढतात.” आणि माझ्याकडे बघून, “व्हॉट? शी आस्क्ड.”

साहेबांना भाषा कळली नाही, पण आमचे चेहरे कळले. त्यांचा लाल रंग गडद झाला. आई शांतपणे उठल्या, बेसिनपाशी गेल्या, चूळ भरली, देवापुढे क्षणभर उभ्या राहिल्या आणि परत येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या.

“त्यांना सांग, माझा राग नाही,” त्या मला म्हणाल्या. “न विचारता खाल्लं ते मी. पण हे असंच करावं लागतं का? दुसरं काही चालत नाही?”

मी विचारलं. साहेब खाली बघून म्हणाले की चालतं, पण वडिलांनी पद्धत कधी बदलली नाही.

“वडील आहेत?”

“नाहीत. बारा वर्षं झाली.”

“मग आता कोण करतं?”

“माझी बहीण.”

“तिला विचारलंत का, तिचं काय म्हणणं आहे?”

मी हे भाषांतर केलं. साहेबांनी पुढ्यातलं ताट जवळ ओढलं. दोन पुरणपोळ्या झाल्यावर, त्यांनी आईंना विचारलं की तुम्ही दूध कशाने फाडता. आईंनी लिंबाचं प्रमाण, दूध किती तापवायचं, फडक्यात किती वेळ टांगायचं, सगळं सांगितलं. साहेबांनी वही काढून ते लिहून घेतलं. पनीर कसं करतात हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण आई खूष झाल्या.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी मला लॅपटॉप दाखवला. बहिणीला मेल लिहिली होती. वर फक्त तिचं नाव, सीसीचा रकाना रिकामा. “इंग्रजी बघा जरा,” म्हणाले. एका इंग्रजाने माझ्याकडून इंग्रजी तपासून घेणं मला मानवलं, पण बघण्यासारखं तिथे फार नव्हतं. दोनच ओळी: रेनेट बदलावं का? तुला काय वाटतं?

“पाठवा,” मी म्हटलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते त्यांनी मला वाचायला दिलं नाही, सांगितलं फक्त. बहिणीने गेल्या वसंतातच थोडं चीज वनस्पतीच्या रेनेटने करून बघितलं होतं. पहिला घाणा कडू झाला, दुसरा ठीक, तिसरा चांगला. ती भावाला सांगणार होती, पण तो तेव्हा दुबईला निघायच्या गडबडीत होता, आणि खरं म्हणजे तिला वाटलं की तो वडिलांचं नाव काढेल.

“काढलं असतं?” मी विचारलं.

“काढलं असतं,” ते म्हणाले.

चीज पिकायला महिने लागतात. त्यामुळे पुढचे सहा महिने सांगण्यासारखं काही घडलं नाही. साहेबांनी मात्र ह्या वेळी कागद स्वतः करायचे ठरवले. उत्पादनाची तारीख, संपण्याची तारीख, अरबी लेबल, रेनेटचा दाखला, पशुवैद्याची सही. रोज माझ्याकडे एक प्रश्न घेऊन यायचे. कधी कधी इतका बारीक प्रश्न असायचा की मला फोन करून विचारावं लागायचं. एकदा त्यांनी माझ्याच कागदातली चूक काढली, वजनाच्या आकड्यात. मी ती दुरुस्त केली आणि दिवसभर त्यांच्याशी थोडी तुटक वागले. ज्या माणसाने कागद टाळायला ब्रेक्झिटला मत दिलं त्याने माझ्या कागदात चूक काढावी, ह्याचं काय करायचं.

माल जुलैत आला. क्लिअरन्सला अडीच दिवस लागले, एकही प्रश्न न विचारता. भाऊंनी कानटोपी सारखी करून पॅलेट कोल्ड रूममध्ये नेलं. साहेब कोट न घालताच मागोमाग आत गेले आणि कुडकुडत उभे राहिले.

“साहेब, बाहेर जाव, सर्दी होगा,” भाऊ म्हणाले.

“वन मिनिट.”

भाऊंनी आपलं जॅकेट काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं. नंतर मला म्हणाले, “ताई, गावाहून आंब्याची पेटी आली की आम्हीही असेच बघत बसतो.”

त्या वर्षीच्या हिवाळ्यात इथे अन्नपदार्थांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा कंपनीने ब्रिटिश चीजचा एक छोटा स्टॉल घेतला आणि साहेबांच्या बहिणीला बोलावलं. मी तिला घ्यायला एअरपोर्टवर गेले. साहेबांना मीटिंग होती, असं ते म्हणाले. मालकांच्या डायरीत त्या दिवशी कसलीही मीटिंग नव्हती.

बहीण माझ्या कल्पनेपेक्षा बुटकी निघाली. हात मोठे, खरखरीत. गाडीत बसल्यावर म्हणाली, “तुम्हीच त्या, मेलमधल्या?”

“मीच.”

“तुम्हाला फार त्रास झाला.”

“आमच्या घरी ह्याहून मोठे वाद होतात,” मी म्हटलं. “पण तोंडी.”

स्टॉलवर भावंडं समोरासमोर आली तेव्हा मी मुद्दाम जवळ उभी राहिले. इतके महिने मध्ये होते, शेवट बघायचा माझा हक्क होता. साहेब म्हणाले, “प्रवास कसा झाला?” ती म्हणाली, “सुरी कुणी पुसली ही?” तिने सुरी नीट पुसली आणि ती दोघं कामाला लागली. एवढंच.

पण तीन दिवस लहान जागेत उभं राहायचं म्हणजे बोलल्याशिवाय चालत नाही. तो तुकडे करायचा, ती काड्या टोचायची. गिऱ्हाइकाने विचारलं की व्हेजिटेरियन आहे का, तर दोघं एकदम ‘हो’ म्हणायची. हा प्रश्न तिथे किती लोकांनी विचारला ते बघून बहीण चकित झाली. गुजराती हॉटेलवाले, केरळचे केटरर, एक लेबनीज शेफ, शारजातल्या आमच्या ओळखीच्या वडापाववाल्या वहिनी. वहिनींनी चीज वड्याच्या सारणात घालून बघायचं जाहीर केलं. बहिणीने भावाकडे बघितलं. तो म्हणाला, “वडील नाहीत आता,” आणि ती पहिल्यांदा मोठ्याने हसली.

ऑर्डर मिळाल्या, पण फार नाहीत. दोन महिन्यांत एक पॅलेट जाईल एवढ्या. युरोपचं गिऱ्हाईक ह्याने भरून निघणार नव्हतं आणि तसं कुणी म्हणतही नव्हतं. डेअरीची मागची शेड बंद आहे ती बंदच राहणार होती. पुढच्या शेडमधल्या माणसांना मात्र पूर्ण आठवड्याचं काम मिळेल, असं बहिणीने मला सांगितलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी गर्दी ओसरली तेव्हा मी दोघांसाठी चहा घेऊन आले. बहीण बोलत होती, साहेब ऐकत होते. काम वाढणार म्हणून तिने त्या पोलंडच्या बाईला फोन केला होता, परत येतेस का म्हणून. बाई तयार होती. पण आता तिला ब्रिटनमध्ये कामाचा व्हिसा लागणार, आणि चीज उलटंपालटं करणाऱ्या बाईला तो मिळेल असा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता.

“मी सगळे फॉर्म बघितले,” बहीण म्हणाली. “दोनदा.”

“मग?”

“मग काही नाही. तिने गावी स्वतःचं चीज सुरू केलंय. बकरीच्या दुधाचं. मला फोटो पाठवला. फळ्या आपल्यासारख्याच लावल्या आहेत.” तिने चहाचा घोट घेतला. “ती ते जर्मनीला पाठवते. सोमवारी गाडीत चढवते, बुधवारी पोचतं.”

साहेबांनी कप खाली ठेवला. मी निघून जावं की नाही ते मला कळेना. हातात ट्रे होता आणि मागे खुर्च्यांचा ढीग, त्यामुळे मी तिथेच राहिले.

“माझं चुकलं,” साहेब बहिणीला म्हणाले. इंग्रजीत दोन शब्द लागतात त्याला.

टेबलावरचा चुरा तिने हाताने गोळा करून कागदात घेतला.

“सगळ्यांनी मिळून केलं ते,” ती म्हणाली. “तू एकट्याने कसलं करतोस. तुला साधी सुरी पुसता येत नाही.”

साहेबांनी मान खाली घालून सुरी उचलली आणि पुसायला घेतली. ती त्यांच्या हातून काढून घेणार होती, मग तिने राहू दिलं. उरलेलं चीज दोघांनी मिळून कागदात बांधलं, एक मोठा तुकडा माझ्या सासूबाईंसाठी बाजूला काढला आणि त्यावर तिने पेनने मोठ्या अक्षरात लिहिलं की ह्यात वासराचं काही नाही. मी ट्रे परत केला आणि गाडी आणायला पार्किंगकडे निघाले.